जालिनूस आणि जबड्याचे हाड

'त्याची मिजास फार वाढली आहे' असे आपण सहज म्हणतो. 'तब्येत कशी आहे?' हा प्रश्न तर दिवसातून दहा वेळा कानावर येतो. हे दोन्ही शब्द अरबीतून फारसीत आणि फारसीतून मराठीत आले. अरबीत 'मिजाज' म्हणजे मिश्रण. शरीरात रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त असे चार द्रव असतात आणि त्यांच्या कमी-अधिक मिश्रणावर माणसाचा स्वभाव व आरोग्य ठरते, अशी ग्रीक वैद्यांची कल्पना होती. त्या मिश्रणाचे अरबी नाव मिजाज. मराठीत येईपर्यंत औषधाचा संबंध सुटला आणि तोरा तेवढा उरला. 'तबीयत' म्हणजे शरीराची मूळ प्रकृती. हाही त्याच वैद्यकातला शब्द.

ही कल्पना ज्याने शेकडो ग्रंथांतून पक्की केली आणि पुढची तेराशे वर्षे वैद्यकावर ज्याचा शब्द चालला, तो ग्रीक वैद्य म्हणजे गॅलेन. युनानी हकीम त्याला जालिनूस म्हणतात. 'युनानी' या शब्दाचा अर्थच 'ग्रीक' असा आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि त्या संस्थानात युनानी दवाखाने सरकारी आश्रयाने चालत. त्यामुळे आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या आजी-आजोबांनी जालिनूसच्या परंपरेतले औषध नक्कीच घेतले असेल. शरीराच्या आत काय आहे हे माणसाला कसे कळत गेले, या गोष्टीत या माणसाचा वाटा मोठा आहे. त्याच्या चुकांचा वाटाही तितकाच मोठा आहे. या लेखात आम्ही दोन्हींकडे पाहणार आहोत.

पाथरीहून अहमदनगरला

या गोष्टीचा एक धागा परभणी जिल्ह्यातल्या पाथरीतून जातो. साईबाबांचे जन्मस्थान म्हणून अनेक भाविक या गावाला मानतात. इतिहासात पाथरीचे नाव आणखी एका घराण्यामुळे येते. अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) निजामशाही सुलतानांचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी होते, असे फिरिश्ता हा इतिहासकार लिहितो. या घराण्यातला एक मुलगा बहमनी फौजेच्या हाती लागला, मुसलमान झाला, दरबारात चढत गेला, आणि त्याचा मुलगा अहमद याने १४९० साली स्वतंत्र निजामशाही स्थापन केली. अहमदचा मुलगा बुरहान गादीवर असताना पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीकडे होती. पूर्वजांचे गाव आपल्याला द्यावे, बदल्यात दुसरा मुलूख घ्यावा, अशी मागणी त्याच्या दरबाराने केली. ती नाकारली गेली तेव्हा १५१८ साली पाथरी लढून घेतली. वडिलोपार्जित गावासाठी दोन राज्ये भांडली, असे हे प्रकरण आहे.

फिरिश्ताचे बालपण अहमदनगरात गेले. त्याने भारतीय वैद्यकावर फारसीत एक ग्रंथही लिहिला. पाथरीची हकिकत आपल्यापर्यंत पोचवणाऱ्या माणसाला वैद्यकात रस होता, ही गोष्ट त्या काळाला शोभणारी आहे. खुद्द बुरहान निजामशाहाला वैद्यकाची आवड होती. त्याच्या आश्रयाला असलेल्या रुस्तुम जुर्जानी या हकिमाने औषधांवर 'जखीरा-इ-निजामशाही' हा ग्रंथ लिहिला. याच दरबारात गोव्याहून एक पोर्तुगीज डॉक्टर येत असे. त्याच्याकडे आपण पुढे येऊ. आधी जालिनूसला गाठले पाहिजे.

गॅलेनच्या आधी

गॅलेनच्या चारशे वर्षे आधी, इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात हीरोफिलस आणि एरासिस्ट्रॅटस हे दोन ग्रीक वैद्य काम करीत होते. तिथल्या टॉलेमी राजांच्या आश्रयाने त्यांना माणसाचे मृतदेह उघडून पाहता आले. ग्रीक जगात हे त्यापूर्वी झाले नव्हते आणि नंतरही फार काळ टिकले नाही.

हीरोफिलसने मेंदू उघडला आणि विचारांचे केंद्र मेंदूत आहे असे सांगितले. त्यापूर्वी ॲरिस्टॉटलसारखा थोर माणूसही ते केंद्र हृदयात मानत होता. चेतातंतू आणि रक्तवाहिन्या या वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याने ओळखले. लहान आतड्याच्या पहिल्या भागाची लांबी त्याला बारा बोटांच्या रुंदीएवढी भरली, म्हणून त्याने त्याला 'बारा बोटे' असेच नाव दिले. आजचे ड्युओडेनम हे नाव म्हणजे त्याचेच लॅटिन रूप. नाडीचे ठोके तो पाणघड्याळ लावून मोजत असे.

या कामावर एक काळी सावलीही आहे. या दोघांनी तुरुंगातल्या गुन्हेगारांना जिवंतपणी चिरले, असे केल्सस या रोमन लेखकाने सुमारे तीनशे वर्षांनी नोंदवून ठेवले. शरीरशास्त्राच्या इतिहासात 'कोणाचे शरीर, आणि कोणाच्या परवानगीने?' हा प्रश्न अगदी पहिल्या पानापासून आहे.

पर्गमचा गॅलेन

गॅलेनचा जन्म इसवी सन १२९ मध्ये पर्गम येथे झाला. हे शहर आजच्या तुर्कस्तानात आहे. वडील वास्तुविशारद. मुलाला वैद्य करावे असा दृष्टान्त त्यांना स्वप्नात झाला आणि सोळा-सतरा वर्षांचा गॅलेन वैद्यकाकडे वळला. शिकण्यासाठी तो स्मिर्ना, कॉरिंथ आणि अलेक्झांड्रिया असा फिरला. अलेक्झांड्रियात मृतदेह उघडण्याची प्रथा तोवर बंद पडली होती. माणसाचा खरा सांगाडा समोर ठेवून हाडे शिकवण्याची पद्धत मात्र शिल्लक होती. एवढ्यासाठी तरी अलेक्झांड्रियाला जाऊन या, असा सल्ला त्याने पुढे आपल्या वाचकांना दिला आहे.

परत आल्यावर पर्गममध्ये त्याला कुस्तीगिरांसारख्या, पण प्राणघातक झुंजी खेळणाऱ्या ग्लॅडिएटरांचा वैद्य म्हणून काम मिळाले. फाटलेले स्नायू, उघडी पडलेली हाडे, पोटातून बाहेर आलेली आतडी त्याला रोज हाताळावी लागत. १६२ साली तो रोमला गेला आणि पुढे मार्कस ऑरेलियस या सम्राटाचा वैद्य झाला.

रोममध्ये माणसाचे मृतदेह चिरण्याला समाजाची मान्यता नव्हती. गॅलेनने मग प्राण्यांकडे मोर्चा वळवला. उत्तर आफ्रिकेतली शेपटी नसलेली माकडे, डुकरे, शेळ्या, बैल, कुत्री, एकदा तर हत्तीचे हृदय. माणसाच्या शरीरात डोकावण्याची संधी योगायोगानेच मिळे. अशा दोन संधी त्याने लिहून ठेवल्या आहेत. एकदा नदीच्या पुराने थडगे फुटून आतला देह वाहत खाली आला. मांस गळून गेले होते, हाडे मात्र जागच्या जागी होती. दुसऱ्यांदा, डोंगरवाटेवर वाटसरूच्या हातून मारला गेलेला एक दरोडेखोर. गावकऱ्यांनी त्याला पुरायला नकार दिला आणि दोन दिवसांत पक्ष्यांनी सांगाडा साफ करून ठेवला. एवढ्या थोड्या पाहण्यावर माणसाचे शरीर समजून घ्यायचे होते.

प्रश्न विचारणारा हात

गॅलेनला केवळ चिरफाड करणारा म्हणणे अन्यायाचे होईल. त्याचे काही प्रयोग आजही शाळेत सांगावेत इतके स्वच्छ आहेत.

लघवी कुठे तयार होते? त्या काळी काही वैद्य म्हणत, प्यालेले पाणी वाफेसारखे पाझरून थेट मूत्राशयात उतरते आणि मूत्रपिंडांचा याच्याशी काही संबंध नाही. गॅलेनने प्राण्याच्या दोन्ही मूत्रवाहिन्या दोऱ्याने बांधल्या. मूत्राशय रिकामे राहिले आणि मूत्रवाहिन्या गाठीच्या वरच्या बाजूला तटतटून फुगल्या. दोरा सोडला, मूत्राशय भरू लागले. वाद तिथे संपला.

रोहिण्यांत काय असते? एरासिस्ट्रॅटसच्या मते त्यांत हवा असते. जखम झाल्यावर हवा निघून जाते आणि तिच्या जागी नीलांतले रक्त येते. गॅलेनने जिवंत प्राण्याची रोहिणी दोन ठिकाणी बांधली आणि मधला तुकडा उघडला. आत रक्तच होते. बाहेरून यायला वाटच ठेवली नव्हती.

त्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग रोममधल्या प्रतिष्ठितांसमोर झाला. डुक्कर बांधलेले, जिवाच्या आकांताने ओरडणारे. गॅलेनने त्याच्या मानेतल्या बारीक चेता दोऱ्याने आवळल्या. डुकराची धडपड चालूच राहिली, आवाज मात्र बंद झाला. दोरा सैल केला, पुन्हा आवाज. आवाज निघतो स्वरयंत्रातून आणि त्याला हुकूम येतो मेंदूकडून, हे त्याने सर्वांसमोर दाखवले. मेरुरज्जू वेगवेगळ्या उंचीवर कापला तर शरीराचा कोणता भाग लुळा पडतो, याची नोंदही त्याने क्रमाने केली.

हे प्रयोग वाचताना त्या मुक्या जिवांच्या वेदनांकडे डोळेझाक करता येत नाही. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती आणि प्राण्यांच्या वेदनांचा विचारही फारसा होत नसे. आज असा प्रयोग कोणी करू नये आणि करण्याची गरजही नाही. प्रश्नाची मांडणी मात्र पाहण्याजोगी आहे. दोन मते आहेत, एक खरे असेल तर अमुक दिसेल, दुसरे असेल तर तमुक, आता पाहू.

माकडावरून माणूस

आता चुकांकडे. गॅलेनने माकड, डुक्कर, बैल यांत पाहिले आणि माणसातही असेच असणार असे धरून चालला. त्यातून काही गोष्टी माणसाला फुकट चिकटल्या.

मेंदूच्या बुडाशी रक्तवाहिन्यांचे एक सुंदर जाळे असते, असे त्याने लिहिले. या जाळ्यात प्राणशक्तीचे मनःशक्तीत रूपांतर होते, अशी त्याची उपपत्ती होती. हे जाळे मेंढी, शेळी, बैल, डुक्कर यांना असते. माणसाला नसते. खालच्या जबड्यात दोन हाडे असतात, असे त्याने लिहिले. मोठ्या माणसाच्या खालच्या जबड्यात एकच हाड असते. उरोस्थीचे सात तुकडे त्याने सांगितले. तेही माकडाला लागू पडते.

हृदयाबद्दलची चूक सर्वांत दूरवर पोचली. अन्नापासून यकृतात रक्त तयार होते, ते शरीरात पसरते आणि तिथेच वापरले जाऊन संपते, असे तो मानत होता. म्हणजे ओहोटी-भरती होती, फेरी नव्हती. यकृतातून आलेले रक्त हृदयाच्या उजव्या जवनिकेत येते. रोहिण्यांत रक्त असते हे तर त्यानेच सिद्ध केले होते. मग ते डाव्या जवनिकेत जाते कुठून? दोन जवनिकांच्या मध्ये स्नायूची जाड भिंत आहे. गॅलेनने उत्तर दिले: त्या भिंतीला इतकी सूक्ष्म छिद्रे आहेत की ती डोळ्यांना दिसत नाहीत. ज्या माणसाने मूत्रवाहिन्या बांधून वाद मिटवला, त्यानेच इथे न दिसणारी गोष्ट मान्य केली. उपपत्तीला ती छिद्रे हवी होती.

तेराशे वर्षांची तपासणी

गॅलेनचे ग्रंथ नवव्या शतकात बगदादला पोचले. हुनैन इब्न इशाक या ख्रिस्ती विद्वानाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते सिरियाक व अरबीत आणले. गॅलेनच्या १२९ ग्रंथांची यादी हुनैनने करून ठेवली आहे. शवविच्छेदनावरच्या त्याच्या मोठ्या ग्रंथाचा उत्तरार्ध ग्रीकमध्ये हरवला आणि केवळ अरबीत वाचला. इब्न सीनाच्या 'कानून'मधून जालिनूस इराणला आणि तिथून दख्खनला आला.

अरबांनी ग्रीक विद्या नुसती जपून ठेवली, असे आपल्या पुस्तकांत लिहिलेले असते. ते अपुरे आहे. सन १२०० च्या सुमारास इजिप्तमध्ये भीषण दुष्काळ पडला. अब्द अल-लतीफ हा बगदादचा वैद्य तेव्हा कैरोत होता. एका ठिकाणी हाडांचे ढीग पडल्याचे कळल्यावर तो आपल्या शिष्यांना घेऊन गेला. त्यांनी खालचे जबडे एकामागून एक हातात घेऊन पाहिले. सगळे एकसंध होते, सांधा कुठेच नव्हता. दुसऱ्यांनाही तपासायला लावले, तेच दिसले. जालिनूस कितीही थोर असला तरी आपल्या डोळ्यांची साक्ष त्याच्याहून मोठी, अशा अर्थाचे वाक्य त्याने लिहून ठेवले आहे.

त्यानंतर चाळीसएक वर्षांनी, १२४२ साली, इब्न अल-नफीस याने कैरोत इब्न सीनावर भाष्य लिहिताना हृदयाचा प्रश्न उचलला. मधली भिंत घट्ट आहे, तिला दिसणारी किंवा न दिसणारी छिद्रे नाहीत. तेव्हा रक्त उजवीकडून फुप्फुसांत जाऊन मगच डावीकडे येत असले पाहिजे, असे त्याने मांडले. हे भाष्य विस्मरणात गेले. १९२४ साली बर्लिनच्या ग्रंथालयात एका तरुण इजिप्शियन डॉक्टरच्या नजरेला त्याची प्रत पडली, तेव्हा जगाला त्याचे महत्त्व कळले.

युरोपात हे काम अँड्रिअस व्हेसालियसने केले. पदुआच्या विद्यापीठात शिकवताना तो उंच खुर्चीवर बसून गॅलेन वाचून दाखवत नसे. तो खाली उतरून स्वतःच्या हाताने विच्छेदन करी. माकडाचा आणि माणसाचा सांगाडा शेजारी ठेवल्यावर त्याला कळले की गॅलेनने माणसाचे म्हणून जे सांगितले, त्यातले पुष्कळसे माकडाचे आहे. १५४३ साली त्याचा सात भागांचा सचित्र ग्रंथ बाझेलला छापून निघाला. पॅरिसमधले त्याचेच गुरू सिल्व्हियस यांनी त्याला वेड्यात काढले. गॅलेन चुकणे शक्य नाही, माणसाचे शरीरच तेव्हापासून बदलले असेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. गंमत म्हणजे हृदयाच्या छिद्रांबाबत व्हेसालियसही पहिल्या आवृत्तीत कचरला. भिंतीतून रक्त पाझरवणाऱ्या विधात्याची करणी अगाध आहे, अशा आशयाचे लिहून तो पुढे गेला. १५५५ च्या आवृत्तीत त्याने शंका उघड केली. विल्यम हार्वेने १६२८ साली रक्ताभिसरण सिद्ध केले तेव्हा ती छिद्रे कायमची बुजली.

गोवा, १५४३

आता पुन्हा दख्खनकडे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज डॉक्टर १५३४ साली गोव्यात आला. स्पेनमध्ये शिकलेला, म्हणजे लॅटिनमधला गॅलेन तोंडपाठ. बुरहान निजामशाहाच्या उपचारासाठी तो अहमदनगरला जाई. बुरहानकडून आपण रोगांची आणि औषधांची अरबी नावे शिकलो आणि त्याला लॅटिन नावे शिकवली, असे त्याने लिहिले आहे. पाथरीच्या कुलकर्ण्यांचा वारस आणि स्पेनमध्ये शिकलेला डॉक्टर एकमेकांना रोगांची नावे शिकवताहेत, हे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहा. एकाचा जालिनूस बगदाद-इराणमार्गे आलेला, दुसऱ्याचा गॅलेन रोम-स्पेनमार्गे. हजार-बाराशे वर्षे दोन वाटांनी चाललेले एकच पुस्तक अहमदनगरात समोरासमोर आले.

ओर्ताचे औषधी वनस्पतींवरचे संवादरूप पुस्तक १५६३ साली गोव्यात छापले गेले. ग्रीकांनी न पाहिलेल्या कितीतरी वनस्पती त्याने इथे पाहिल्या होत्या. स्पेनमध्ये असतो तर गॅलेनविरुद्ध ब्र काढण्याची माझी छाती झाली नसती, इथे मात्र जे पाहिले तेच सांगतो, असा त्याचा सूर आहे. गुरूंच्या नजरेपासून दूर असण्याचा हाही एक फायदा. पण ओर्ता ज्यू घराण्यातला होता. १५६८ साली तो वारला, आणि १५८० साली इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली.

ओर्ताच्या पुस्तकात पटकीवर एक प्रकरण आहे. तिला इथले लोक 'मोडशी' म्हणतात हे त्याने नोंदवले. पोर्तुगीजांनी तिचे 'मोर्देशी' केले आणि फ्रेंचांनी त्याचा अर्थ आपल्या भाषेत लावून 'कुत्र्याचे मरण' असे नाव पाडले! १५४३ साली गोव्यात या रोगाची भयंकर साथ आली. गॅस्पर कोर्रेया हा पोर्तुगीज बखरकार सांगतो की, हा काय प्रकार आहे हे कळावे म्हणून गव्हर्नर मार्तिम आफोन्सो द सोझा याने एक मृतदेह उघडून पाहण्याचा हुकूम केला. पाहणाऱ्यांना कोंबडीच्या पोटातल्या पेटीसारखे आकसलेले आणि आगीवर धरलेल्या कातड्यासारखे सुरकुतलेले जठर दिसले. बाकी काही वावगे आढळले नाही.

ज्या वर्षी बाझेलला व्हेसालियसचा ग्रंथ छापला जात होता, त्याच वर्षी आपल्या किनाऱ्यावर रोगाचे कारण शोधण्यासाठी माणसाचे शरीर उघडले गेले. पाहिले, प्रामाणिकपणे नोंदवले, आणि तरीही काही कळले नाही. कळणे शक्यही नव्हते. पटकीचे कारण पाण्यातून येते हे लंडनमध्ये जॉन स्नोने दाखवायला १८५४ साल उजाडले, आणि कोखने तिचे जंतू वेगळे केले ते १८८४ साली कलकत्त्यात. 'डोळ्यांनी पाहा' हा उपदेश आपण मुलांना करतो, तेव्हा ही गोव्याची गोष्टही सांगायला हवी. काय शोधायचे आहे हे माहीत नसले, शोधायची साधने नसली, तर उघडलेले शरीरही मुके राहते.

आपला सुश्रुत आणि मुंबईचे कॉलेज

इथे कोणी विचारील, सुश्रुताचे काय? प्रश्न योग्य आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शवविच्छेदनाची पद्धत दिली आहे. देह गवताने गुंडाळायचा, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सोडायचा, सात रात्रींनी बाहेर काढून वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू खरवडत, त्वचेपासून आतपर्यंत एकेक थर डोळ्यांनी पाहायचा. ज्याने हे पाहिले आणि शास्त्रही वाचले, तोच खरा जाणकार, असा त्याचा आग्रह आहे. रोममधल्या गॅलेनला जे करता आले नाही, ते सुश्रुताने शिष्याच्या अभ्यासातच घातले.

चरकाने हाडे ३६० सांगितली, सुश्रुताने ३००. आज आपण प्रौढ माणसाची २०६ मोजतो. हा फरक पाहून हसण्याचे कारण नाही. चरकाच्या मोजणीत ३२ दात, त्यांच्या ३२ खोबणी आणि २० नखेही आहेत. सुश्रुतानेही दात आणि कूर्चा हाडांत धरल्या. 'हाड कशाला म्हणायचे' हे ठरल्याशिवाय 'हाडे किती' याला उत्तर नसते. पण पुढच्या शतकांत सुश्रुताचे श्लोक पाठ होत राहिले आणि पिंजरा पाण्यात सोडणारे हात उरले नाहीत. गॅलेनचे युरोपात झाले, तेच सुश्रुताचे इथे झाले. पाहून लिहिलेला ग्रंथ, न पाहण्याचे निमित्त बनला.

कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्त यांनी १८३६ साली शवविच्छेदन केले. ते स्वतः आयुर्वेदाचे पंडित होते आणि त्यांनी सुश्रुतसंहिता संपादून छापली होती. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले आणि १८५१ साली पहिली तुकडी बाहेर पडली. तीत भाऊ दाजी लाड होते, प्रार्थना समाजाचे एक संस्थापक आत्माराम पांडुरंग होते. सोवळ्या-ओवळ्याच्या त्या काळात प्रेताला हात लावून शिकणे म्हणजे काय, याची कल्पना आज करणे कठीण आहे.

टेबलावरचे ते प्रेत कोणाचे असे? इथे अलेक्झांड्रियाचा प्रश्न पुन्हा येतो. जगभर ते बहुधा गरिबाचे, कैद्याचे, बेवारशाचे असे. मुंबई राज्याने १९४९ साली कायदा करून बेवारस मृतदेह वैद्यकीय शिक्षणाला देण्याची रीतसर व्यवस्था केली. आज स्वेच्छेने देहदान करणारे पुढे येतात, हा त्या मानाने केवढा बदल आहे! अंबाजोगाई किंवा नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणारा आपला माजी विद्यार्थी पहिल्या वर्षी ज्या देहावर शिकतो, त्या निनावी गुरूचे ऋण त्याला कोणीतरी शाळेतच सांगून ठेवायला हवे.

वर्गात करून पाहा

गॅलेन तपासायला प्राणी मारण्याची काहीच गरज नाही. पुढच्या तीन गोष्टी पाथरीसारख्या कोणत्याही गावात करता येतात.

पहिली, जबडा. गावाबाहेरच्या माळावर बैलाच्या किंवा शेळीच्या जबड्याची वाळलेली हाडे सापडतात. खालचा जबडा बहुधा दोन तुकड्यांत मिळेल, कारण या प्राण्यांत हनुवटीजवळचा सांधा पक्का जुळत नाही. आता मुलांना स्वतःच्या हनुवटीवरून बोट फिरवायला सांगा. नंतर आरोग्य केंद्रातल्या किंवा महाविद्यालयातल्या मानवी सांगाड्याशी ताडून पाहा. तान्ह्या बाळाच्या जबड्याचेही दोन भाग असतात आणि पहिल्या वर्षात ते जुळतात, हेही सांगा. गॅलेनची चूक कुठून आली, हे मुलांना आपोआप कळेल.

दुसरी, हृदय. खाटकाला सांगून बकऱ्याचे न चिरलेले हृदय आणा. उजव्या जवनिकेत पाणी भरा. मधल्या भिंतीतून डावीकडे काही पाझरते का, ते पाहा. मग चिरून दोन्ही बाजूंच्या भिंतींची जाडी पट्टीने मोजा आणि डावी इतकी जाड का, यावर चर्चा करा. ज्या मुलांना हे नको असेल, त्यांच्यावर जबरदस्ती करू नका. त्यांना चित्र आणि गणित द्या.

तिसरी म्हणजे ते गणित. हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकते. मिनिटाला ७२ ठोके धरले तर मिनिटाला सुमारे ५ लिटर आणि तासाला ३०० लिटर होतात. गॅलेन म्हणतो तसे हे सगळे रक्त अन्नापासून नवे तयार होत असेल, तर माणसाने तासाला किती जेवले पाहिजे? मुले हसतील. हार्वेने आपल्या आकड्यांनी हाच हिशेब मांडला होता.

यानंतर मुलांना विचारा: गॅलेन मूर्ख होता का? त्याची तीन चांगली कामे आणि तीन चुका फळ्यावर शेजारीशेजारी लिहा. उत्तर त्यांचे त्यांना सापडेल. मग कोणीतरी हात वर करून विचारील, 'गुरुजी, आपल्या पुस्तकात आज असे काय चुकीचे असेल?' या प्रश्नावर तास संपला तरी हरकत नाही. प्रश्न वहीत लिहून घ्यावा, आणि तो तपासायला काय लागेल, याची यादी दुसऱ्या दिवशी मुलांकडून करून घ्यावी.